सहावा भाग रंगीत आहे, तो रंगीतच मिळावा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘हेझल’ या मालिकेच्या ‘संपूर्ण’ डीव्हीडी संचाबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या महिन्याच्या १२ तारखेला मी तुमच्याकडून ‘हेझल’ या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचा डीव्हीडी संच मागवला. किंमत ३,४९९ रुपये, कुरिअरचे १२० वेगळे. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. संच पाहिल्यावर कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिसऱ्या खेपेला एका मुलाने अगदी गोड आवाजात सांगितलं, “आजी, साठ वर्षांपूर्वीची सिरियल आहे, ब्लॅक अँड व्हाइटच असणार ना.” त्या मुलावर माझा राग नाही. पण त्याचं उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं हे ऐकून घ्यायला फोनवर कुणाला सवड नव्हती. म्हणून हे पत्र.

‘हेझल’ १९६१ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली. हेझल म्हणजे एका वकिलाच्या घरी राहून काम करणारी मोलकरीण. पहिलं पर्व कृष्णधवल, दुसऱ्यापासून सगळं रंगीत, एवढं तुमच्या मुलाचं निम्मं बरोबर. पण पहिल्या पर्वातला एकच भाग, सहावा, मुद्दाम रंगीत केलेला होता, कारण त्यात हेझल रंगीत टीव्ही घेते. एनबीसी तेव्हा आरसीए कंपनीच्या मालकीची होती आणि आरसीए रंगीत टीव्ही बनवून विकायची. गोष्टीच्या आडून घरच्याच मालाची जाहिरात, पण केली मोठ्या हुशारीने. तुमच्या दुसऱ्या डिस्कवर हाच भाग राखाडी आहे! रंगीत टीव्हीवरून एवढी चर्चा आणि पडद्यावर सगळं चुलीतल्या राखेसारखं. कुणीतरी ‘पहिलं पर्व, म्हणजे कृष्णधवल’ म्हणून एक बटण दाबून मोकळं झालेलं दिसतं.

यात एवढं काय, असं वाटेल. सांगते.

१९७५ साली लग्न होऊन मी अमेरिकेत क्लीव्हलंडला गेले. नवरा दिवसभर विद्यापीठात. इथे एक खोली, मी, आणि घरमालकिणीने माळ्यावरून काढून दिलेला छोटा टीव्ही. दुपारी ‘हेझल’चे भाग पुन्हा दाखवायचे. बी.ए.ला इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात आलेली मी दुकानात दूध मागताना अडखळायचे. बोलायचं इंग्रजी मला शिकवलं ते हेझलचं काम करणाऱ्या शर्ली बूथने. ऑस्कर आणि नाटकासाठीचं टोनी दोन्ही मिळवलेली नटी, आणि टीव्हीवर मोलकरणीचं काम करते म्हणून कुठे हात आखडता घेतलाय, असं एकदाही दिसलं नाही. १९६२ आणि १९६३, लागोपाठ दोन वर्षं तिला या भूमिकेसाठी टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. वकील मालक रोज ठरवून घरी येणार की आज घरात माझंच चालेल, आणि जेवणाच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर हेझलने त्यांना गुंडाळलेलं असणार. मी एकटी हसायचे.

आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे मला पाचही पर्वं राखाडीच दिसली. सहावा भाग लागला त्या दिवशी घरमालकीण धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन दारातून डोकावली आणि म्हणाली, हा रंगीत आहे बरं का. तिने तो बहिणीकडे पाहिला होता. मग टोपली खाली ठेवून अर्धा तास ती मला रंग सांगत बसली. पडदे कसले, मालकीणबाई डोरोथीचा ड्रेस कसला, सोफा कसला. त्यातले किती खरे आणि किती तिने माझ्यासाठी रचलेले, हे मला एकदा ताडून बघायचं होतं. ३,४९९ रुपये मुख्यतः त्याचे आहेत.

आता बाकीचं. डब्यावर ‘मराठी सबटायटल्ससह’ असं ठळक छापलंय. म्हणून हे पत्रही मराठीत. हेझल मालकांना ‘मिस्टर बी’ म्हणते, कारण नाव जॉर्ज बॅक्स्टर. नुसतं ‘सर’ नाही, नावानेही नाही, मधलंच काहीतरी. थोडा आदर, बराचसा लाडिक दरारा. तुमच्या सबटायटल्समध्ये त्यांचा ‘श्री. मधमाशी’ झालाय. प्रत्येक वेळी. घरातल्या लहान हॅरॉल्डला ती लाडाने ‘स्पोर्ट’ म्हणते, तिथे ‘खेळ’. “खेळ, हात धुवून ये.” आमच्याकडे सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मेथी निवडत माझ्याबरोबर बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठी भरभर वाचतात. त्यांनी विचारलं, “काकू, ह्या सायबांचं आडनाव मधमाशी?” मी काय सांगणार? ‘मिस्टर बी’ तसंच ठेवलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. भाषांतर यंत्राकडून करून घेतलं असेल तर घेतलंत, पण छापण्यापूर्वी मराठी येणाऱ्या एका माणसाने पाच मिनिटं वाचायला काय हरकत होती?

(मावशींनी आणखी एक प्रश्न विचारला, “ही बाई चोवीस तास त्यांच्याच घरात, मग हिचं घर कुठंय?” त्याला तुम्ही जबाबदार नाही. पण १९७५ मध्ये मला तो सुचला नव्हता.)

सहाव्या भागाच्या वेळी मी त्यांना आधीच मोठ्या उत्साहाने सांगून ठेवलं होतं, बघा, आता रंग दिसणार. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “टीव्ही बिघडला का?”

तिसरी गोष्ट लांबीची. मूळ भाग जाहिराती वगळून पंचवीस मिनिटांच्या आसपास असायचे. तुमच्या संचातले बरेचसे बावीसच्या आत संपतात. शेवटचा छोटा प्रसंग, ज्यात हेझलचा शब्द अखेरचा ठरायचा, तोच बहुतेक ठिकाणी उडवलेला आहे. मिस्टर बी तोंड उघडतात आणि नावांची पाटी येते.

आणि ‘संपूर्ण’. मालिका पाच पर्वांची, एकूण १५४ भागांची. तुमच्या डब्यात १२५ आहेत. मी डिस्कगणिक वहीत लिहून मोजले. चौथ्या पर्वानंतर मालिका सीबीएस या दुसऱ्या वाहिनीकडे गेली, जॉर्ज आणि डोरोथी परदेशी गेल्याचं दाखवलं आणि हेझल हॅरॉल्डला घेऊन जॉर्जच्या धाकट्या भावाकडे राहायला गेली. त्या पाचव्या पर्वाचे २९ भाग नाहीतच. मला स्वतःला ते पर्व फारसं आवडत नाही. डॉन डेफोरचे मिस्टर बी नसतील तर हेझल वाद घालणार कुणाशी? पण मला आवडत नाही म्हणून तुम्ही वगळावं, असा आपला काही करार झालेला नाही. ‘संपूर्ण’ छापलंत, तर संपूर्ण द्या.

तेव्हा, सहावा भाग रंगीत, कापाकापी नसलेले पाचही पर्वांचे भाग आणि वाचता येतील अशी सबटायटल्स, असा संच बदलून द्यावा. ते जमत नसेल तर कुरिअरसकट ३,६१९ रुपये परत करावेत आणि डब्यावरचा ‘संपूर्ण’ हा शब्द काढावा. पुढच्या गिऱ्हाइकाला निदान माहीत असेल. हे पत्र पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही, हे मी बघून ठेवलंय. वकीलही लागत नाही. वकिलांशी कसं बोलायचं ते हेझलने शिकवलेलंच आहे.

जुना संच न्यायला माणूस पाठवाल तर सकाळी अकरानंतर पाठवा. अकरापर्यंत मावशी असतात आणि सध्या आमचं दुसरं पर्व चालू आहे. ते रंगीत आहे.

आपली ग्राहक,
(सही)
पुणे

सोबत : पावतीची प्रत, भागांच्या मोजणीच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स, आणि ‘श्री. मधमाशी’ दिसत असलेल्या टीव्हीचा फोटो (मावशींनी काढलेला, थोडा हललाय)