पावती न देता कॅमेरा ठेवून घेतला, कार्ड कोरं करून परत दिलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
ड्रॅग रेसिंग स्पर्धेची आयोजक कंपनी

विषय : स्पर्धेच्या ठिकाणी हौशी चित्रीकरणाला आयत्या वेळी केलेली बंदी, पुसलेलं मेमरी कार्ड आणि व्हिडिओवर केलेला कॉपीराइटचा दावा

महोदय,

नागपुरात सक्करदऱ्याला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. जानेवारीत नागपूरजवळ तुम्ही भरवलेल्या दोन दिवसांच्या ड्रॅग स्पर्धेत (सरळ ४०२ मीटर गाडी पळवण्याच्या शर्यतीत) माझा भाचा १६५ सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोक गटात उतरला होता. गाडी मी बांधतो, चालवतो तो. प्रवेश फी ३,५०० रुपये आणि क्रूचे दोन पास प्रत्येकी ८०० रुपये, असे ५,१०० रुपये मी ऑनलाइन भरले. त्याची पावती माझ्याकडे आहे. नोंदणीच्या वेळी जे नियम दाखवले, त्यात चित्रीकरणाबद्दल एकच ओळ होती : व्यावसायिक चित्रीकरण व थेट प्रक्षेपणासाठी लेखी परवानगी लागेल. मी व्यावसायिक नाही आणि मला प्रक्षेपणही करायचं नव्हतं, म्हणून मी परवानगी मागितली नाही.

शनिवारी सरावाच्या दिवशी माझा हँडीकॅम आत नेताना कोणी अडवलं नाही. बॅरिकेडच्या मागे, सुरुवातीच्या रेषेच्या समोर छोटा ट्रायपॉड लावून मी चार रन टिपले. तुमचे दोन मार्शल शेजारून गेले, त्यातल्या एकाने थांबून स्क्रीनही पाहिली. तिसऱ्या रनला भाच्याने ४०२ मीटर १४.८७ सेकंदांत काढले. पंधराच्या आत तो पहिल्यांदाच आला. दोन वर्षं आम्ही त्या आकड्याच्या मागे होतो.

रविवारी सकाळी त्याच गेटवर मला अडवलं. "भाऊ, मोबाईल चालते, कॅमेरा नाही चालत," एवढंच सुरक्षारक्षक सांगत होता. मी म्हटलं, काल चालला. तो म्हणाला, "आज वरून सांगितलं." त्या माणसावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलं ते तो करत होता. पण नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हटल्यावर दाखवायला कोणाकडेच काही नव्हतं. तुमच्या टी-शर्टमधला एक तरुण आला, त्याने कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीवर मार्करने माझं नाव लिहिलं आणि टेबलाखाली ठेवला. पावती मागितली तर "संध्याकाळी या, मिळून जाईल" असं उत्तर मिळालं. आमचा रन पंचवीस मिनिटांवर आला होता, भाचा आत एकटाच गाडी गरम करत होता. मी वाद सोडून आत गेलो.

संध्याकाळी पिशवी मिळाली. कॅमेरा धड होता, कार्ड कोरं होतं. शनिवारचे चारही रन गेले. त्याच कार्डावर डिसेंबरमधले आमच्या चाचण्यांचे रनही होते, तेही गेले. कोणी केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, याचं उत्तर त्या टेबलावर कोणी दिलं नाही. कॅमेरा आत नेऊ न देणं एक वेळ मी समजू शकतो. माझ्या गैरहजेरीत तो उघडून आतलं पुसणं, तेही ज्या दिवशी तुमची मनाई नव्हती त्या दिवसाचं, हे मला कोणत्याही अर्थाने मान्य नाही.

ते चित्रीकरण माझ्यासाठी काय होतं, ते सांगतो. तुमच्या कार्यालयात बहुधा हा मौजेचा व्हिडिओ समजला गेला असावा.

रननंतर तुम्ही जी टायमिंग स्लिप देता तिच्यावर रिअॅक्शन टाइम (दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ), पहिल्या ६० फुटांचा म्हणजे साधारण १८ मीटरचा वेळ, पूर्ण वेळ आणि शेवटचा वेग असतो. स्लिप खरी असते, पण ती फक्त किती ते सांगते, का ते सांगत नाही. शनिवारी भाच्याचा ६० फुटांचा वेळ २.१८ होता, रविवारी पहिल्या रनला तो २.४१ झाला आणि पूर्ण वेळ १५.२६ वर गेला. पहिल्या १८ मीटरमध्ये पाव सेकंद गेला की पुढे तो भरून निघत नाही, उलट वाढतो. आता हा पाव सेकंद कुठे गेला? क्लच घसरला, की मागचं टायर जागेवर फिरलं, की क्लच एकदम सोडल्यामुळे इंजिन दबलं? तिन्हींचा इलाज वेगळा आहे. क्लचच्या स्प्रिंगा, टायरमधली हवा, पुढच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या चक्राचे) दात, यातलं काय बदलायचं ते दोन रनच्या मधल्या तासाभरात ठरवावं लागतं.

यासाठी आम्ही पुढच्या आणि मागच्या रिमवर पांढऱ्या टेपची एकेक पट्टी लावतो. माझा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो. सुरुवातीला वेग कमी असतो, त्यामुळे फ्रेम पुढे सरकवत दोन्ही चाकांचे फेरे मोजता येतात. पुढचं चाक जमिनीला टेकलेलं असताना मागचं जास्त फिरलं, म्हणजे टायर घसरलं. दोन्ही सारखीच फिरली आणि इंजिनचा आवाज मात्र चढला, म्हणजे क्लच घसरला. आवाजाचंही गणित आहे. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणजे सेकंदाला ७५ ठोके असतील तर आरपीएम ९,०००, आणि ५० असतील तर ६,०००. कॉम्प्युटरवर आवाजाची लहर उघडली की हे मोजता येतं. गाडीचे हे आकडे नोंदवणारा हजारो रुपयांचा डेटा लॉगर आम्हाला परवडत नाही, आमचा लॉगर हाच.

मोबाईल चालतो ना, असं कोणी म्हणेल. बॅरिकेडपासून गाडी लांब असते, मोबाईलचा झूम तिथपर्यंत जाईस्तोवर टेपची पट्टी धूसर होते. शिवाय मोबाईल मोठा आवाज आपोआप दाबतो, मग लहरीतले ठोके नीट उरत नाहीत. रविवारी मी मोबाईलनेच घेतलं. रन झाल्यावर भाचा धावत आला, "मामा, स्लिप तर बेकार आली. पाहा बरं व्हिडिओत काय झालं ते." आम्ही दोघांनी ते सात-आठ वेळा पाहिलं. काहीच कळलं नाही. अंदाजाने टायरमधली हवा कमी केली. एलिमिनेशनच्या, म्हणजे हरला तो बाद अशा लढतींच्या, पहिल्याच फेरीत तो बाहेर पडला. कॅमेरा असता तर आम्ही जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही, समोरचा मुलगा उत्तम चालवत होता. पण पैसे भरून स्पर्धेला आलेल्या माणसाला स्वतःची चूक पाहण्याची संधी तरी हवी.

आणखी एक गोष्ट आहे. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, स्पर्धेला येत नाही. तिला पाहवत नाही. आमच्या भागातली काही मुलं रात्री आउटर रिंग रोडवर गाड्या पळवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तो गुन्हा आहे, पण कायद्याच्या आधी ते जिवावरचं आहे. भाचाही एकेकाळी त्यांच्यात उभा राहायचा. तिथून त्याला काढून मी बंद ट्रॅकवर आणलं, आणि बहिणीने होकार दिला तो व्हिडिओ पाहून. लेदरचा सूट, दोन्ही बाजूंचे बॅरिकेड, उभी असलेली अॅम्ब्युलन्स, सुरुवातीच्या दिव्यांचा खांब, हे सगळं मी तिला घरी टीव्हीवर दाखवलं. प्रत्येक स्पर्धेनंतर ती तेच मागते. या वेळी त्या १४.८७ च्या रनची तिला दाखवायला माझ्याकडे स्लिप आहे फक्त.

आता तुमच्या 'अधिकृत व्हिडिओ'बद्दल. रविवारी पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेत, तुमच्या स्टॉलवर प्रत्येक रनचा व्हिडिओ १,५०० रुपयांत मिळेल असा फलक होता. कॅमेरा हातात नव्हता, म्हणून मी पैसे भरले. रननंतर तासाभरात देऊ असं सांगितलं होतं, तो बाराव्या दिवशी आला. सगळा मिळून २२ सेकंदांचा. इंजिनचा आवाज काढून त्यावर गाणं चढवलं आहे. सुरुवात नाहीच, गाडी चालू लागल्यावर ड्रोन वरून तिला गाठतो आणि तिथून व्हिडिओ सुरू होतो. मध्ये दोन ठिकाणी प्रायोजकांच्या पाट्या येतात. माझ्या कामाचे पहिले दोन-अडीच सेकंद त्यात नाहीत. परतावा मागितला तर 'डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही' असा एका ओळीचा ईमेल आला.

त्यानंतर मी मोबाईलवरचा तो ३८ सेकंदांचा रन माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकला. या चॅनलवर मी इंजिन उघडणं, व्हॉल्व्ह बसवणं वगैरे मराठीतून शिकवतो. खेड्यापाड्यांतले मेकॅनिक ते पाहतात आणि फोन करून शंका विचारतात. चार दिवसांत तुमच्या दाव्यावरून व्हिडिओ उतरवला गेला आणि चॅनलला कॉपीराइट स्ट्राइक बसला. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतो, हे तुम्हालाही माहीत असेल. कोणत्या हक्कावर तुम्ही हा दावा केला? त्यात तुमचं प्रक्षेपण नव्हतं, तुमचं चित्र नव्हतं, संगीत नव्हतं. माझ्या हातातल्या मोबाईलने माझा भाचा आणि माझी गाडी टिपली होती.

मी वकिलाला विचारूनच लिहितो आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मिळतो तो साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांतल्या कृतींना, चित्रपटांना आणि ध्वनिमुद्रणांना. गाडी ४०२ मीटर धावणं यातल्या कशातच बसत नाही. चित्रीकरणाचा हक्क ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते केलं त्याचा. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे देणाऱ्याच्या सहीचा लेखी करार लागतो. मी तुम्हाला अशी सही दिलेली नाही. तुमच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर कलम ३७ खाली तुमचा हक्क आहे आणि तो कोणी चोरला तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण प्रक्षेपणाचा हक्क आणि मैदानात घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. कोणी सगळी स्पर्धा लाइव्ह दाखवू लागला तर प्रायोजक हातचे जातात. प्रेक्षकांचे ड्रोन नकोतच, ते चालत्या रनवर पडले तर माणूस मरेल. ट्रायपॉड वाटेत नको, सुरुवातीच्या रेषेजवळ जाकिटाशिवाय कोणी नको, रात्री फ्लॅश नको. हे सगळं मी आनंदाने पाळेन. तुमच्या आवारात कॅमेरा नको असं ठरवण्याचा अधिकारही तुमचा आहे, पण ते पैसे घेण्याआधी सांगायचं असतं. अमेरिकेत १९५१ पासून हा खेळ चालवणारी एनएचआरए ही संस्था प्रेक्षकाच्या प्रत्येक तिकिटालाच पिट पास मानते. लोकांना गाडीजवळ येऊ दिलं, म्हणून तो खेळ तिथे वाढला. आपल्याकडे तो आत्ता कुठे उभा राहतो आहे, आणि तुम्ही ज्याला दारात अडवलंत तोच माणूस पुढच्या वर्षी चार मुलं घेऊन येणारा आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. यूट्यूबवरचा दावा मागे घ्या. व्हिडिओचे १,५०० रुपये परत करा. माझं कार्ड कोणी आणि का पुसलं हे लेखी कळवा. आमच्या गटाच्या रविवारच्या दोन्ही रनचं तुमच्या कॅमेऱ्यांतलं मूळ चित्रीकरण, आवाजासह आणि न कापता, मला द्या. पुढच्या स्पर्धेच्या नोंदणी अर्जावर चित्रीकरणाचा नियम मराठीत छापा आणि प्रत्येक क्रूला बॅरिकेडमागे एका कॅमेऱ्यापुरती जागा द्या.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तुमचं कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रारदार राहतो तिथे ती दाखल करता येते.

ते कार्ड मी त्या दिवसापासून वापरलेलं नाही. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही, तर पुसलेलं बरंचसं परत मिळू शकतं असं सीताबर्डीतल्या डेटा रिकव्हरीवाल्याने सांगितलं आहे. त्याने ४,५०० रुपये खर्च सांगितला. तो तुम्ही द्यावा. तुमचं उत्तर येईपर्यंत कार्ड पाकिटात बंद करून गॅरेजच्या कपाटात ठेवलं आहे.

आपला,
स्पर्धक क्रूचा मेकॅनिक
सक्करदरा, नागपूर

सोबत : नोंदणीची पावती, दोन्ही दिवसांच्या टायमिंग स्लिपा, व्हिडिओ खरेदीची पावती आणि परतावा नाकारल्याच्या ईमेलची प्रत