न्हाणीघरातले मंत्री

श्टुटगार्ट,
रविवार, ११ डिसेंबर २०२२

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "तिकडे आंघोळी बंद झाल्या म्हणे?" असं विचारलंत आणि नेमका तेव्हाच आवाज तुटला. पोरगी लाजून गप्प बसली, असं वाटलं असेल तुम्हाला. आंघोळ चालू आहे. तिच्यावर फक्त सरकारचा डोळा आहे.

रशियाचा समुद्राखालच्या नळातून येणारा गॅस ऑगस्टअखेर थांबला आणि १ सप्टेंबरपासून इथे जर्मनीत नियम आले. सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांपेक्षा जास्त तापवायचं नाही, तिथल्या हात धुवायच्या नळाला गरम पाणी नाही, स्मारकांवरचे दिवे बंद, आणि घरच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी गॅसवर किंवा विजेवर तापवायचं नाही. हा शेवटचा नियम मी अगदी काटेकोर पाळते आहे.

घरचा हीटर वाचवायला मी शनिवारी ग्रंथालयात जाऊन बसते. तिथेही १९च अंश, त्यामुळे थंडीतून थंडीतच. पण जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात. मुद्दाम १९७३ ची काढली. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल आखडलं, आणि तीन डॉलरचं पिंप जानेवारीपर्यंत बाराच्या घरात गेलं, ते वर्ष. वाटलं होतं, गंभीर काही वाचायला मिळेल. हसून हसून शेजारच्या गृहस्थांची झोपमोड केली.

२५ नोव्हेंबरपासून ओळीने चार रविवार पश्चिम जर्मनीत खासगी मोटारींना बंदी होती. फोटोत ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, माणसं बाबागाड्या ढकलत चालली आहेत, कुणी सायकलवर, कुणी घोडागाडीत. देशावर संकट, आणि चेहरे जत्रेला निघाल्यासारखे! खरा शोक ताशी १०० किलोमीटरच्या वेगमर्यादेचा झाला असणार. इथला माणूस एरवी पाच मिनिटांच्या उशिराबद्दल तीनदा माफी मागतो, पण ऑटोबानवर त्याला मर्यादा सांगून बघा.

बाबा, तुमची ती बैलगाडीची गोष्टही त्याच महिन्यातली. पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते १२ नोव्हेंबरला. म्हणजे पंधरवड्याच्या आत दिल्लीत बैल निषेधाला जुंपले आणि इथे घोडे सहलीला. जनावरांचं मत दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

जपानात तर तेलाच्या टंचाईत बायका टॉयलेट पेपरसाठी रांगेत! कागद संपणार अशी नुसती अफवा. डिसेंबरात अमेरिकेत जॉनी कार्सन या विनोदी सूत्रसंचालकांनी टीव्हीवर त्याच कागदावरून एक विनोद केला, लोकांनी तो बातमी समजून दुकानं रिकामी केली. २०२० मध्ये इथे मी स्वतः रिकामी फळी बघितली, तेव्हा मला हसायचा हक्क नाही. आपल्याकडे हा प्रश्न तांब्याने सोडवलेला आहे, एवढंच म्हणते.

मात्र माझे लाडके निघाले इंग्लंडचे ऊर्जामंत्री पॅट्रिक जेन्किन. जानेवारी १९७४ मध्ये कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज, टीव्ही रात्री साडेदहाला बंद, आणि हे जनतेला सांगतात, अंधारात दात घासा. वार्ताहर त्यांच्या घरापाशी गेले, तर खिडक्यांत दिवाळी! मग दात विजेच्या ब्रशने घासतात, हेही बाहेर आलं.

आणि आता? आमच्या राज्याचे मुख्यमंत्री क्रेचमन यांनी ऑगस्टमध्ये सांगितलं, सारखं शॉवरखाली कशाला उभं राहायचं, ओलं फडकंही उपयोगाचं असतं. फडक्याला जर्मनमध्ये 'वाशलापन' म्हणतात, आणि नेभळट माणसालाही तेच, त्यामुळे लोकांची चांगलीच करमणूक झाली. स्वित्झर्लंडच्या मंत्रीणबाई सोमारुगा यांनी तर दोघांनी मिळून शॉवर घ्या म्हटलं, आणि ओरड झाल्यावर, ते तरुणांपुरतं होतं असा खुलासा केला. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखवत असशील तर एवढी ओळ गाळ. तेल आटो नाहीतर गॅस, मंत्री शिरतात ते थेट न्हाणीघरात. कारखान्याचं दार बहुतेक त्यांना जड जात असावं.

गॅसच्या साठ्याचे टक्के इथे रोज बातम्यांत सांगतात, पावसाळ्यात तुम्ही धरणाचे ऐकता तसे. गेल्या महिन्यात साठा शंभर टक्के भरला, तेव्हा काळजी करू नका.

मी बादली घेतली आहे. टबात ठेवायची, अर्धी भरायची, झालं. घरमालकीणबाईंनी ती बघून आधी छत गळतंय का विचारलं. समजावून सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, आणि काल जिन्यात हळूच म्हणाल्या, पाणी डोक्यावर घ्यायचं ते भांडं कुठे मिळतं?

जानेवारीत काका येताहेत, त्यांच्याबरोबर दोन तांबे पाठवा. एक जरा मोठा. बाई उंच आहेत.

तुमची,
धाकटी