‘तरुणाई झिंगली’ म्हणजे नेमके किती जण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थर्टी फर्स्ट असो की एखाद्या फार्महाउसवरची धाड, आपल्या दैनिकातला मथळा ठरलेला असतो: ‘तरुणाई झिंगली’. फोटोत तोंडाला रुमाल बांधलेले आठ-दहा पोट्टे आणि मथळ्यात अख्खी तरुणाई! मी नागपुरात तीस वर्षे मानसशास्त्र शिकवले. असल्या मथळ्यांनी मुलांचे पिणे कमी होत नाही, उलट वाढते, असे माझे मत झाले आहे.

त्रिमूर्तीनगरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन विद्यार्थी भाड्याने राहतात. शनिवारी ते ‘बसतात’. मला कळत नाही असे त्यांना वाटते. एका रविवारी त्यांतला एक ताक मागायला खाली आला. “डोकं लय दुखून राहिलं काकू.” मग पितोस कशाला, मी विचारले. “मला तर कडूच लागते. पण त्या दोघांना आवडते ना, मी एकटाच कसा नाही म्हणू?” महिनाभराने दुसरा भाडे द्यायला आला. बोलता बोलता त्यानेही हेच सांगितले, जवळपास याच शब्दांत. आधी मला हसू आले. नंतर वर्गात शिकवलेला एक धडा आठवला.

१९९३ साली प्रेंटिस आणि मिलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात नेमके हे तपासले होते. तिथल्या पिण्याबद्दल मुलांच्या मनात धाकधूक होती. पण ‘इतरांना काहीच वाटत नाही, माझ्याच मनात खळखळ आहे,’ असे बहुतेकांना वाटत होते. पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. सत्र संपता संपता मुलग्यांनी आपले मत त्या चुकीच्या समजुतीकडे सरकवले. मुलींचे मत हलले नाही. म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्या बहुमतापुढे मुलगे झुकले. आपण याला ‘वाईट संगत’ म्हणून मोकळे होतो. माझ्या वरच्या मजल्यावर त्या दोघांपैकी कोणाची संगत कोणाला लागली, ते मला कोणी सांगावे.

त्यात पुन्हा कॉन्ट्री. बिल सगळ्यांत सारखे वाटायचे, मग न पिणाऱ्याच्या वाट्याला काय येते? शेंगदाणे, चकली आणि शेवटी सगळ्यांना घरी सोडायची ड्यूटी. पैसे तर गेलेच, मग दोन घोट का सोडा, हा हिशेब विसाव्या वर्षी कोणालाही पटेल. बर्थडे, निकाल, प्लेसमेंट, ब्रेकअप, प्रत्येकाची ट्रीट. नाही म्हटले तर कंजूस, नाहीतर ‘बाबाजी’.

तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलांचे आणखी एक दुखणे असते. वर्गात इंग्रजीच्या धाकाने तोंड न उघडणारा मुलगा दोन पेगनंतर मैफल गाजवतो आणि श्रेय बाटलीला देतो. १९७३ साली मार्लाट आणि सहकाऱ्यांनी काही जणांना वोडका सांगून नुसते टॉनिक वॉटर दिले; ज्यांना वोडका असल्याचे वाटले, ते जास्त प्यायले, ग्लासात काहीही असो. नुसत्या समजुतीचा जोर एवढा, तर ती हिंमतही बरीचशी त्या पोराचीच असणार. एवढेच की ती त्याला दिवसा सापडत नाही.

तिसऱ्या मुलाचे मात्र वेगळे आहे. त्याला दोन विषयांत बॅकलॉग आहे, घरी सांगितलेले नाही, आणि तो शनिवारची वाट पाहत नाही, एकटा पितो. चारचौघांत राहण्यासाठी पिणे बहुतेकदा ते चौघे पांगले की सुटते. दुःख बधिर करायला घेतलेली दारू सुटायला फार जड जाते, म्हणून बातमी व्हायचीच असेल तर याच्या एकटेपणाची व्हावी. मी त्याला ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात सोबत येते म्हटले. “तिथे रांगेत कोणी ओळखीचं भेटलं तर?” तो म्हणाला. दारूच्या दुकानापुढच्या रांगेत ही भीती त्याला वाटत नाही, याचा विचार मी अजून करते आहे.

कायद्याबद्दल थोडक्यातच लिहिते. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागते, वर परवानाही. या हिशेबाने पदवीच्या वर्गातल्या बहुतेकांनी बाटलीला हातही लावायला नको. पण वय विचारतो कोण? तिघांतला एक वर्ध्याचा. तिकडे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि तो म्हणतो, “बंदी आहे म्हणून फक्त महाग मिळते काकू.”

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. धाडीची बातमी जरूर छापा, पण दहा जण सापडले तर मथळ्यात दहाच लिहा. आणि एखाद्या शनिवारी आपला वार्ताहर फुटाळा तलावावर पाठवा. नुसता चहा पिऊन, भुट्टा खाऊन घरी जाणारी किती मुले दिसतात ते त्याने मोजावे. तो आकडाही पहिल्या पानावर यावा.

पत्राखाली माझे नाव कृपया छापू नये. त्या दोघांचे गुपित मी आजवर एकमेकांना सांगितलेले नाही. पेपर मात्र माझा वाचून झाला की दहाच्या सुमारास रोज वरच्या खोलीत जातो.

– एक निवृत्त प्राध्यापिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर