कुंडीआधी गॅलरीची चौकशी करणाऱ्या नर्सरीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्याला न देता सगळ्यांपुढे ठेवते आहे. वास्तुशांतीला, वाढदिवसाला भेट आलेलं ऑर्किड घेऊन ‘आता याचं काय करू’ अशा काळजीत असलेली बरीच घरं ठाण्यात आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

घोडबंदर रस्त्यावरच्या तुमच्या नर्सरीत मी ऑर्किडसाठी चिनी मातीची कुंडी आणि मॉसची, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाची, पिशवी घ्यायला आले होते. दोन्ही तुमच्याकडे होतं. तरी तुम्ही आधी विचारलंत, “ताई, गॅलरी कुठल्या दिशेला? पावसाची झड आत येते का? पाणी रोज कोण घालणार?” उत्तरं ऐकून दोन्ही वस्तू बाजूला ठेवल्यात आणि साधी, पारदर्शक प्लॅस्टिकची, बाजूंनाही भोकं असलेली कुंडी हातात दिलीत. गिऱ्हाईक समोर उभं असताना स्वस्तातली वस्तू पुढे करायला मन मोठं लागतं. त्याबद्दल पहिले आभार.

दुसरे आभार मुळं दाखवल्याबद्दल. माझं फॅलेनोप्सिस हे ऑर्किड मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याच्या मुळांवर पाणी झटकन शोषून घेणारं जाड, सच्छिद्र आवरण असतं, ज्याला व्हेलामेन म्हणतात. भिजलं की मूळ हिरवं दिसतं, वाळलं की रुपेरी. पारदर्शक कुंडीतून हे बाहेरूनच कळतं, म्हणून आता मी वार बघून पाणी घालत नाही, मुळं बघून घालते. तुम्ही म्हणालात, “कुंडी मुळांच्या मापाची, पानांच्या नाही.” मोठ्या कुंडीत मधला भाग ओलाच राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते, हेही तुम्ही एक कुजलेलं रोप उलटं करून दाखवलंत. ते बघितल्यावर पुस्तक वाचायची गरज उरली नाही.

मॉसबद्दल तुम्ही सांगितलेलं तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. लांबच्या प्रवासात रोप सुकू नये म्हणून ते मॉसमध्ये घट्ट बांधून पाठवतात. प्रवासापुरतं ते ठीक. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे टॉवेल वाळत नाहीत, तिथे तो ओला गोळा कसा वाळणार? त्याऐवजी तुम्ही पाइनच्या सालीचे तुकडे आणि लाकडी कोळसा दिलात, आणि मॉस फक्त एप्रिल-मेच्या उन्हासाठी, वरच्या थरात, चिमूटभर.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला मात्र तुम्ही मातीचीच, भोकाभोकांची कुंडी घ्यायला लावलीत. तिच्या अंगातूनही पाणी उडून जातं, आणि उंच काड्यांचं झाड वाऱ्याने आडवं होऊ नये एवढं वजन तिला असतं. आत विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणं. सोडणांत क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरायची. विटांची धूळ धुऊन काढायची. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा लाकडाचा चालतो, दगडी नको. कोळसा वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण साल आणि सोडण दोनेक वर्षांत कुजून बारीक होतात, मुळांना हवा मिळेनाशी होते. तेव्हा फुलं संपली आणि नवी मुळं फुटू लागली की कुंडी बदलायची. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, तर तुम्ही ऑर्किडच्या मांडणीजवळसुद्धा ठेवत नाही, हे मला फार आवडलं.

व्हँडा नावाचा ऑर्किडचा प्रकार मात्र तुम्ही मला विकलाच नाहीत. त्याची मुळं लाकडी टोपलीतून मोकळी लोंबतात, आधाराला फारसं काहीच नसतं, त्यामुळे उन्हाळ्यात रोज पाणी मारावं लागतं. मी सकाळी साडेसातला घर सोडते हे तुम्ही विचारून घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. मी तिथे असताना एकाने येऊरच्या जंगलातलं ऑर्किड आणून द्याल का, असं विचारलं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून झाड काढणं गुन्हा आहे, हे सांगितलंत. मग त्याच माणसाला सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड समजावून सांगितलंत: हे बांडगूळ नव्हे, ते यजमान झाडाचा रस ओढत नाही, फक्त सालीला धरून बसतं. कितीही पाऊस कोसळो, सर थांबली की मुळांना पुन्हा वारा लागतो. कुंडी निवडताना हेच डोळ्यांपुढे ठेवायचं, असं तुम्ही त्याला म्हणालात. तो माणूस प्लॅस्टिकच्या कुंडीतलं, नर्सरीत वाढवलेलं रोप घेऊन गेला.

माझ्या फॅलेनोप्सिसला नवा दांडा आला आहे, आणि डेंड्रोबियमच्या जुन्या काडीवर एक पिल्लू फुटलं आहे. त्याची मुळं बोटभर झाली की ते सोडवून तुमच्याकडे आणते. ते तुमच्यासाठीच आहे, नाही म्हणू नका. कुंडी तुम्हीच निवडा.

तुमची मनापासून आभारी,
वसंत विहारची ताई