ड्रेस्डेनहून काकांना

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जर्मनीतला माणूस आपल्यापेक्षा किती पट खर्च करतो, असं तुम्ही फोनवर विचारलंत. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

युरोला रुपयांच्या भावानं गुणून येणारं उत्तर मला पटत नाही. 2017 साली जगभरच्या किमती ताडून पाहिल्या, तेव्हा डॉलरचा भाव होता 65 रुपये. पण अमेरिकेत डॉलरला जेवढं मिळतं, तेवढं आपल्याकडं सरासरी 21 रुपयांत मिळत होतं. उदगिरात जेवढ्यात दाढी-कटिंग होते, तेवढ्यात इथं कुणी खुर्चीवरसुद्धा बसवणार नाही. नुसता गुणाकार केला की आपण आहोत त्याहून गरीब दिसतो.

त्यापेक्षा शंभरातले किती रुपये खाण्यावर जातात, ते बघा. हा हिशेब मांडणारा अर्न्स्ट एंगेल याच ड्रेस्डेनचा. इथल्या सांख्यिकी कार्यालयाचा तो प्रमुख होता. 1857 साली बेल्जियमच्या कामगारांचे घरखर्च तपासून त्यानं दाखवलं, की घर जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्या खेड्यांत 1999-2000 मध्ये शंभरातले 59 रुपये अन्नावर जात, 2022-23 मध्ये 46. पश्चिम जर्मनीत 1950 च्या सुमारास चाळिसाच्या वर जात होते, आता पंधराच्या आत. म्हणजे युद्धातून उठलेला हा देश तेव्हा जिथं होता, त्याच्या जवळपास आपली खेडी आज आहेत. मला तर यातून धीर येतो.

पण काका, त्या 46 रुपयांच्या आत काय झालंय, ते माझ्यापेक्षा तुम्ही गल्ल्यावर बसून जास्त पाहिलंय. गावाकडच्या खर्चात तृणधान्याचा वाटा 22 टक्क्यांवरून 5 वर आला. त्यात रेशनचा हात आहेच. आणि चहा-फराळ, बिस्किटं, पाकिटातलं खाणं 4 टक्क्यांवरून जवळजवळ 10 वर गेलं. पूर्वी दुकानाच्या दारात ज्वारीची पोती असायची, आता दोरीला पुड्यांच्या माळा. अन्नाचा वाटा घटला म्हणून आनंद मानावा, तर लेकरांच्या हातातली ती पुडी आठवते.

वर्षावर्षांची तुलना करताना महागाई आधी वजा करायची. 2011-12 मध्ये खेड्यात माणशी महिन्याला 1,430 रुपये खर्च होता, 2022-23 मध्ये 3,773. अडीच पटीच्या वर वाटतो ना? जुन्याच किमतींनी मोजला तर 2,008 भरतो, दीडपटही नाही. शिवाय हे आकडे ज्या सरकारी घरखर्चाच्या पाहणीतून येतात, तिची पद्धत मधल्या काळात बदलली. आता प्रश्न एका घरी तीन फेऱ्यांत विचारतात.

दोन देशांत मोजायचं काय, हेही सारखं नसतं. इथं घर आणि इंधन-वीज यांवर एक तृतीयांशाहून जास्त जातात, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याचंही भाडं अंदाजानं धरतात. आपल्या पाहणीत तसं धरत नाहीत, त्यामुळं तुमच्या वाड्याची किंमत त्या आकड्यात शून्य. दवाखान्याचं उलटं. आत्याच्या ऑपरेशनला लातूरला भरलेले पैसे आपल्याकडं घरखर्चात येतात. इथं विम्याचा हप्ता पगारातूनच कापतात, आणि तो घरखर्चात धरतच नाहीत. या एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. आपल्या माणसानं दुखण्यावर जास्त खर्च केला की आकडा वाढतो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं घर सुधारलं.

एक मागणं आहे. माळ्यावरच्या उधारीच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. दिवाळीत आले की दहा-पंधरा घरं निवडून तेव्हा काय नेत होती आणि आता काय नेतात, ते तुमच्याजवळ बसून उतरवून घेईन. नावं लिहिणार नाही.

काकूंना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमची पुतणी