चाळीस टक्क्यांची सबब

मा. संपादक,

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मज्जातंतूंवरचे आवरण झिजवणारा आजार) असलेल्या कर्मचाऱ्याने कामात थोडी सोय मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘अपंगत्वाचं प्रमाणपत्र किती टक्क्यांचं?’ आकडा 40 च्या खाली असला की अर्ज बासनात. ही सबब कायद्यात बसत नाही. 40 टक्क्यांची अट आहे ती आरक्षणासारख्या लाभांना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या परिशिष्टात एमएस नावानिशी आहे आणि भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम 3 मध्ये टक्केवारीचे नावही नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या परीक्षार्थीला 40 टक्क्यांशिवाय लेखनिक मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात 2021 मध्येच सांगितले.

पण तक्रारी पुष्कळदा लिहिण्यातच मार खातात. ‘फार थकवा येतो’ एवढेच लिहिले तर साहेब म्हणणार, ‘थकतो तर आम्हीही!’ त्यामागचे कारण सांगावे: एमएसमध्ये अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी आवरण झिजलेल्या मज्जातंतूंतून संदेश मंदावतात. नजर धूसर होते, पाय जड पडतात आणि अंग गार झाले की बहुधा पूर्ववत होते. सकाळी तरातरा आलेला माणूस दुपारी भिंत धरून चालतो, त्यात सोंग नसते. म्हणून एसीजवळची जागा आणि दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, असे नेमके मागावे. न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रातही हेच लिहून घ्यावे. एरवी ती पत्रे एमआरआयच्या अहवालापलीकडे जात नाहीत.

अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नकार तोंडी मिळाला तर त्याच दिवशी ‘आज आपण असे सांगितलेत’ अशी मेल टाकावी. पुढे तीच कामी येते. सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकाऱ्याने नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समिती आहे. 20 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या खासगी आस्थापनेत तक्रार थेट प्रमुखाकडे करावी. त्याने कारवाई करायची, नाहीतर आपले वागणे योग्य कसे ते लेखी कळवायचे. त्यापुढे राज्य दिव्यांग आयुक्त. या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांनुसार तिथे 60 दिवसांत निपटारा अपेक्षित आहे. आयुक्त शिफारसच करतात, हा कायद्यातला कच्चा दुवा. तरी ती न मानल्यास कारणे कळवावी लागतात.

आणि ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असा तयार राजीनामा पुढे आला तर सही करू नये. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कलम 20(4) नुसार काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, नाहीतर अधिसंख्य (मंजूर पदांहून जादा) पद द्यावे लागते. स्वतःहून सही केलेल्या कागदानंतर हे मागणे फार अवघड होऊन बसते.

– एक वाचक