गुंडाळायला कागद कोणी द्यायचा? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पंकजाताई मुंडे,
पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मेडिकलच्या दुकानात सॅनिटरी पॅडचा पुडा मागितला की काउंटरवरचा मुलगा न सांगता खाली वाकतो, कालचा पेपर काढतो, पुडा चारी बाजूंनी गुंडाळतो आणि मगच हातात देतो. पूर्वी वरून काळी पिशवीही मिळायची. कोरा, सीलबंद, कुणी वापरलेला नसलेला पुडा. पण तो रस्त्यात कुणाला दिसू नये म्हणून एवढी काळजी. त्याच पुड्यातला पॅड वापरून झाला की दुसऱ्या दिवशी उघडाच्या उघडा डब्यातून निघतो आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात पडतो. तिच्यासाठी कोणी पेपर काढत नाही. त्या पेपराबद्दल हे पत्र आहे.

मी पुण्यातल्या एका छत्तीस घरांच्या सोसायटीची सेक्रेटरी. हे पद कोणी हौसेने घेत नाही. पार्किंग, पाणी आणि भटकी कुत्री यांवरून बोलणी खायची असतात, मधूनमधून कचऱ्यावरून. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी गेली बरीच वर्षे येताहेत. गेटच्या आत जांभळाखाली ताडपत्री अंथरून त्या सुका कचरा निवडतात. एका सकाळी त्यांनी मला थांबवले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "काकू, तेवढं बायकांचं कागदात बांधून द्यायला सांगा की. किती हात धुतले तरी भाकरी तोंडात घालवत नाही."

मी समितीच्या बैठकीत विषय काढला. पाच पुरुष आणि आम्ही दोघी. शांतता. मग अध्यक्ष, वयाने मोठे आणि माणूस म्हणून चांगले, म्हणाले, "नोटीस लावा, पण तो शब्द बोर्डावर नको. मुलं वाचतात." बराच खल होऊन 'वैयक्तिक कचरा' असा शब्द ठरला. बोर्डावर लिहिले: वैयक्तिक कचरा वेगळ्या बादलीत टाकावा. आठवड्याने बादलीत काय निघाले? दाढीची पाती, जुने टूथब्रश, कंगवा, आणि एका घराची बारीक तुकडे केलेली बँकेची कागदपत्रे. चूक त्यांची नव्हती, ते खरोखरच वैयक्तिक होते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते मात्र नेहमीप्रमाणे सुक्या कचऱ्यातच.

शेवटी मी अध्यक्षांना न विचारता ठळक अक्षरांत लिहिले: वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर जुन्या पेपरात गुंडाळून, वर लाल पेनाने ठिपका काढून वेगळे द्यावेत. लाल ठिपक्याची युक्ती माझी नाही, पुण्यात त्याची मोहीम झालेली आहे. ठिपका दिसला की निवडणारी बाई ते पुडके उघडत नाही, बाजूला ठेवते. एवढेच. पहिला कागद कुणीतरी फाडला, दुसराही फाडला. तिसरा टिकला. आता छत्तीसपैकी पंचवीसेक घरांतून ठिपके येतात.

तर ताई, नागरिकांनी काय करायचे ते आम्ही निदान करू लागलो आहोत. पण कायद्याने ही जबाबदारी एकट्या नागरिकावर टाकलेली नाही, हे वाचल्यावर मला कळले.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६. त्यातला चौथा नियम तुमच्याआमच्यासाठी होता: वापरलेले पॅड आणि डायपर उत्पादकाने दिलेल्या पाकिटात, नाहीतर स्थानिक संस्थेने सांगितलेल्या वेष्टनात नीट गुंडाळा. इथपर्यंत ठीक. पुढे म्हटले होते की ते सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवा! सुका कचरा म्हणजे काय, तर जो हाताने निवडला जातो तो. ओल्या कचऱ्याचे खत होते, त्यात कोणी तासन्‌तास हात घालत नाही. बाटली, पुठ्ठा, दुधाची पिशवी, पत्रा हे मात्र बोटांनीच वेगळे होते. आणि नेमके त्यात पॅड टाका असे नियमानेच सांगितले. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांनी ताडपत्रीवर बसून कधी कचरा निवडला नसणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

सतरावा नियम उत्पादकांसाठी होता. पॅड आणि डायपर बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपन्यांनी मालात सगळे पुनर्वापरायोग्य साहित्य वापरण्याची शक्यता तपासावी, किंवा पुड्यासोबत प्रत्येक नगाच्या विल्हेवाटीसाठी पाकीट द्यावे. यात 'किंवा' होते, आणि त्याच्या आधी 'शक्यता तपासावी' होते. आमच्या घरी मुलगा अभ्यासाला बसायची शक्यता तपासत असतो, तसलाच हा प्रकार.

त्या पाकिटाची मागणी दिल्लीत कोणाला सुचण्याआधी पुण्याच्या कचरावेचक बायकांनी केली होती. १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आली. २०१३ साली या बायकांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरले आणि ते बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना परत पाठवून दिले. तुमचा माल तुम्हाला, असा साधा हिशोब. मला वाटते त्या पिशव्या ज्या टेबलांवर उघडल्या गेल्या, तिथे अध्यक्षांचा 'वैयक्तिक' शब्द कुणाला आठवला नसेल.

८ मार्च २०२० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर पुण्यात सफाई सेवकांच्या सत्काराला आले होते. नियम असूनही कंपन्या पिशव्या देत नाहीत, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि जानेवारी २०२१ पासून प्रत्येक नॅपकिनसोबत विघटनशील पिशवी देणे सक्तीचे होईल, असे जाहीर केले. जानेवारी २०२१ आला आणि गेला. नंतरही मी वेगवेगळ्या कंपन्यांचे पुडे घेऊन पाहिले. काहींत प्रत्येक पॅडला गुलाबी-जांभळे प्लास्टिकचे वेष्टन असते आणि नव्याच्या वेष्टनात जुना गुंडाळा अशी सूचना असते. पण ते नीट चिकटत नाही, त्यावर खूण नसते, आणि ढिगात ते बिस्किटाच्या कागदासारखे दिसते. मावशी ते उघडून बघणारच. प्लास्टिक आहे, विकले तर दोन पैसे मिळतील.

आता २०२६ चे नवे नियम आले. त्यांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यायचा. सॅनिटरी कचरा सुक्यातून बाहेर काढला, हे फार बरे झाले. दहा वर्षे लागली, पण झाले. मात्र कागदावर चार भाग झाले म्हणून गाडीत चार कप्पे होत नाहीत. आणि कप्पा झाला तरी ती गाडी पुढे कुठे रिकामी होणार, हे प्रत्येक नगरपरिषदेला विचारायला हवे.

हे मी तुम्हालाच का लिहिते आहे? खाते तुमचे आहे, हे एक. दुसरे कारण २०१८ सालचे आहे.

त्या वर्षीच्या महिला दिनाला तुम्ही ग्रामविकास आणि महिला व बालविकास मंत्री असताना अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचा पुडा पाच रुपयांत, तोही बचत गटांच्या बायकांकडून. एका मंत्र्याने व्यासपीठावरून हा शब्द मोठ्याने उच्चारला, हेच तेव्हा केवढे अप्रूप होते! त्याच मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि जुलैमध्ये पॅडवरचा जीएसटी शून्य झाला. थोडक्यात, पॅड स्वस्त झाला, गावोगावी पोहोचला, आणि तो टाकायची काळी पिशवी त्याच वर्षी गेली. पिशवी जायलाच हवी होती. पण तिच्या जागी काय, हे कोणी ठरवले नाही.

माझी जाऊ सातारा जिल्ह्यात एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेत पॅड जाळायचे विजेचे यंत्र आले होते. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले, काही महिन्यांनी कॉइल गेली. दुरुस्तीला माणूस जिल्ह्याच्या गावाहून यायचा, तो आला नाही. यंत्र आता शौचालयाच्या कोपऱ्यात आहे आणि त्याच्या वर खडूच्या पेट्या ठेवल्या आहेत. चालू होते तेव्हाही पॅड अर्धेच जळायचे आणि धूर वर्गात यायचा. यात प्लास्टिक आहे, द्रव शोषणारे पॉलिमर आहे; पुरेशा उष्णतेशिवाय ते जाळले तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती त्या खडूच्या पेट्यांपर्यंत पोहोचलेली नाहीत.

मुली मग काय करतात? जाऊ सांगते, दप्तरात ठेवून घरी नेतात. घरी चुलीत घालता येत नाही, कारण ते जाळले तर मूल होत नाही असे आजी म्हणते. उघड्यावर टाकता येत नाही, कारण त्यावरून साप गेला तरी तेच. म्हणून उसात पुरतात, नाहीतर ओढ्यात. पूर्वी घडी असायची, सुती कापडाची, ती पुरली तरी मातीत जायची. हा पॅड जात नाही. दोन वर्षांनी नांगराला लागतो.

शहरात संडासातून सोडून देतात. आमच्या इमारतीचा चेंबर गेल्या पावसाळ्यात तुंबला, तेव्हा तो मोकळा करायला आलेल्या माणसाने कमरेइतके आत उतरून जे बाहेर काढले, त्याचे वर्णन करत नाही. त्याचे बिल आम्ही छत्तीस घरांत वाटून दिले. पाळीत पॅडऐवजी धुऊन पुन्हा वापरता येणारा कप वापरा, कापडी पॅड वापरा, असा सल्ला अशा वेळी हटकून मिळतो. ज्यांना जमते त्यांनी जरूर वापरावेत. ज्या चाळीत दहा घरांना एक नळ आहे तिथे कप कुठे उकळायचा आणि कापड कुठे वाळत घालायचे, तेही सल्ला देणाऱ्यांनी सांगावे.

ताई, मला मोठी योजना नको आहे. नाव, घोषणा, फ्लेक्स, काही नको. सरकारी योजनांसाठी, शाळांसाठी, आश्रमशाळांसाठी, शासकीय वसतिगृहांसाठी राज्य सरकार पॅड विकत घेते तेव्हा निविदेत एक अट घाला: प्रत्येक नगासोबत कागदी पाकीट, वर लाल ठिपका छापलेला. यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. गिऱ्हाईक आपण आहोत, अट आपली. मोठ्या गिऱ्हाइकासाठी कंपनीने एकदा पाकीट बनवले की दुकानातल्या पुड्यात ते का नाही, हे विचारायला आम्हालाही तोंड मिळेल.

दुसरे म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तुमच्या खात्यात येते. २०१६ पासून या राज्यात पॅड आणि डायपर विकणाऱ्या कोणत्या कंपनीने पाकीट दिले, कोणी दिले नाही, कोणाला नोटीस गेली, याची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर लावा. कचरा वेगळा न केल्याबद्दल सोसायटीला दंडाची पावती फाडता येते. मग दुसऱ्या बाजूच्या पावत्याही बघायला मिळाव्यात.

आणि गावांसाठी. प्राथमिक आरोग्य केंद्रातला जैववैद्यकीय कचरा वेगळा जातो, त्याची गाडी ठरलेली असते, तो कुठे जाळायचा तेही ठरलेले असते. त्याच गाडीत शाळेतली आणि गावातली लाल ठिपक्याची पुडकी जाऊ शकतील का, याचा एका तालुक्यात वर्षभर प्रयोग करून बघा. परळी घेतलीत तर आणखी चांगले. जाळण्याशिवाय दुसरी वाटही आहे. वापरलेल्या पॅडमधला लगदा आणि प्लास्टिक वेगळे काढणारे तंत्र पॅडकेअर नावाच्या कंपनीने पुण्यातच विकसित केले आहे. म्हणजे २०१६ च्या नियमातली ती 'शक्यता' कोणीतरी तपासून झालेली आहे.

मावशींसाठी वेगळे मागायचे तर हातमोजे असे लगेच लिहावेसे वाटते. त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "मोजे दोन दिसांत फाटतात, काकू. अन्‌ मोजे घालून पुठ्ठा उचलतो का कुणी? कागदात बांधलं तर मोजे कशाला लागतात?"

आमच्याकडे एक अडचण आता नव्यानेच आली आहे. लाल ठिपक्याला जुना पेपर लागतो, आणि छत्तीसपैकी फक्त सात घरी पेपर येतो. बाकी सगळे मोबाइलवर वाचतात. त्या सात घरांची रद्दी मी महिनाअखेरीला मागून आणते, तळमजल्यावर बसून तिचे चौकोन कापते आणि जिन्यातल्या खोक्यात ठेवते. पुढच्या महिन्यात त्यांतली दोन घरे मुलाकडे बंगळुरूला राहायला जात आहेत.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
पुण्यातल्या एका सोसायटीची सेक्रेटरी